गाडीचा थर्मोस्टॅट घरी बदलताना: निदानापासून हवा काढण्यापर्यंत

इंजिन गरम होते अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेल्यावर अनेकांना एक सल्ला हमखास मिळतो: थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचे कामच नाही. हा सल्ला इतक्या ठिकाणी आणि इतक्या विश्वासाने दिला जातो की तो खरा वाटू लागतो. माझे मत स्पष्ट आहे: बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा, काढून टाकू नये. साध्या रचनेच्या पेट्रोल गाडीत हे काम घरच्या घरी, एका सकाळी, मोजक्या हत्यारांनी होऊ शकते. मात्र त्यातला अवघड भाग बोल्ट खोलण्याचा नसतो. खरी कसोटी आधीच्या निदानात आणि शेवटी कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) भरताना आतली हवा बाहेर काढण्यात असते, आणि घरी केलेली बहुतेक कामे याच दोन ठिकाणी फसतात. म्हणून या लेखात त्या दोन टप्प्यांवर अधिक वेळ दिला आहे.

आधी या भागाचे काम समजून घ्या. थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या वाटेवर बसवलेली एक झडप आहे. तिच्या मध्यभागी मेण भरलेली एक छोटी धातूची डबी असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते आणि कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरते, त्यामुळे इंजिन काही मिनिटांत कामाच्या तापमानाला पोहोचते. कूलंट ठरावीक तापमानाला आले की मेण वितळून फुगते, दांडा ढकलला जातो आणि रेडिएटरची वाट उघडते. बहुतेक गाड्यांत ही झडप ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडू लागते आणि त्याहून दहा-पंधरा अंश वर गेल्यावर पूर्ण उघडते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली तरी इंजिनाला हवे असलेले तापमान त्याच्या दुप्पट असते, म्हणून उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट निरुपयोगी ठरतो हे म्हणणे टिकत नाही.

तो काढून टाकल्यावर होणारे नुकसान दोन प्रकारचे आहे. इंजिन लवकर तापत नसल्याने गाडीतला संगणक ते थंडच आहे असे धरून जास्त पेट्रोल सोडत राहतो; सरासरी (मायलेज) घसरते, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते आणि ऑइलमध्ये साचलेला ओलावा उडून जात नाही. दुसरे नुकसान कमी लोकांना माहीत असते. अनेक थर्मोस्टॅटांच्या खालच्या टोकाला आणखी एक लहान चकती असते आणि मुख्य झडप उघडत असताना ही चकती इंजिनातल्या आतल्या फेऱ्याची, म्हणजे बायपासची, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि तापलेल्या कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परत जातो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. पाच माणसे आणि सामान घेऊन, एसी लावून कसारा किंवा आंबा घाट चढू लागलात की जाणवते. गाडी गरम होऊ नये म्हणून केलेला उपाय अशा वेळी गाडी गरम करतो.

१. दोष थर्मोस्टॅटचाच आहे का, ते ठरवा

थर्मोस्टॅट दोन प्रकारे बिघडतो. तो उघडा अडकला तर इंजिन तापतच नाही: तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या बराच खाली राहतो, महामार्गावर वेग घेतल्यावर आणखी खाली उतरतो, हीटरची हवा कोमट येते आणि सरासरी कमी होते. ज्या छोट्या गाड्यांत काटा नसून फक्त दिवे असतात, त्यांत थंड इंजिनाचा निळा दिवा नेहमीपेक्षा खूप उशिरा विझतो. तो बंद अडकला तर उलट घडते आणि काटा थोड्याच अंतरात लाल खुणेकडे धावतो. ही दुसरी अवस्था धोक्याची आहे. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, कारण ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ या विचारात इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकते आणि काहीशे रुपयांच्या भागाचे काम इंजिन उतरवण्यापर्यंत जाते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे हाही घातक प्रकार आहे.

हातांनी करता येणारी तपासणी अशी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि रेडिएटरचे वरचा व खालचा असे दोन्ही जाड होज पाइप मधूनमधून हाताने चाचपा. हात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवा, सैल बाह्या आणि ओढण्या आवरून घ्या. थर्मोस्टॅट वरच्या पाइपाच्या बाजूला असेल तर तो पाइप पहिली काही मिनिटे गार राहून नंतर थोड्याच वेळात चांगला गरम होतो. पहिल्या मिनिटापासून तो हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकली आहे. थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असेल तर लक्ष खालच्या पाइपावर ठेवा. काटा वर चढला आहे, वरचा पाइप हात लाववत नाही इतका गरम आहे आणि खालचा पाइप व रेडिएटरचा तळ मात्र गार आहे, तर कूलंट फिरत नाही हे नक्की. त्याचे कारण बंद अडकलेली झडप असू शकते, आत अडकलेली हवा असू शकते किंवा वॉटर पंपही असू शकतो.

याहून विश्वासार्ह मार्ग म्हणजे ओबीडी स्कॅनर. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांची जागा असते. तिथे ब्लूटूथचा साधा स्कॅनर लावला की मोबाइलवर कूलंटचे तापमान अंशांत दिसते. निरोगी थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत आकडा सरळ ऐंशीच्या घरात चढतो, झडप उघडताना किंचित खाली येतो आणि मग धावत्या गाडीत साधारण ८५ ते ९५ च्या आसपास स्थिर राहतो. महामार्गावर तो साठ-सत्तरपर्यंत घसरत असेल, किंवा ‘पी ०१२८’ हा दोषाचा कोड नोंदलेला असेल, तर झडप उघडी अडकल्याची शक्यता मोठी आहे. मात्र कूलंट कमी असले किंवा तापमानाचा सेन्सर बिघडला तरी हाच कोड येऊ शकतो, म्हणून आधी पातळी तपासा.

गाडी गरम होत असेल तर आणखी काही गोष्टी वगळल्याशिवाय थर्मोस्टॅटला हात लावू नका. फक्त वाहतुकीच्या कोंडीत गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक असते, तर पहिला संशय पंख्यावर घ्या. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर पंखा फिरायला हवा. वेगात किंवा चढावर गरम होते, तर रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून माती आणि किड्यांनी चोंदला आहे का ते पाहा. बाहेर कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल, धुराड्यातून गरम इंजिनातही पांढरा धूर येत राहत असेल, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगचा, संशय येतो. तो घरच्या कामाचा विषय नाही आणि अशा गाडीत थर्मोस्टॅट बदलून काहीही साधणार नाही.

२. आपल्या गाडीत तो कुठे आहे, ते आधी पाहून घ्या

रेडिएटरच्या जाड पाइपांचा माग काढत इंजिनापर्यंत जा. जिथे पाइप एका लहानशा घुमटासारख्या ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाला जोडलेला आहे आणि ते झाकण दोन किंवा तीन बोल्टांनी इंजिनाला धरलेले आहे, तिथे आत थर्मोस्टॅट असतो. या झाकणाला हाउसिंग म्हणतात. काही इंजिनांत ते वर, डोळ्यांसमोर असते. काहींत अल्टरनेटरच्या किंवा एअर फिल्टरच्या खोक्याच्या मागे दडलेले असते.

इथे थांबून प्रामाणिकपणे विचार करा. बोल्ट डोळ्यांना दिसत असतील आणि पाना सरळ बसत असेल तर हे काम नवख्या माणसाचे आहे. हाउसिंगपर्यंत पोहोचायला टायमिंगचे आवरण, इनटेक मॅनिफोल्ड किंवा वॉटर पंप काढावा लागत असेल, तर पहिल्यांदाच हत्यार हातात घेणाऱ्याने ते काम अनुभवी मेकॅनिककडे द्यावे. काही गाड्यांत थर्मोस्टॅट सुटा मिळतच नाही. अनेक वर्षे आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आलेल्या १.३ लिटरच्या मल्टीजेट डिझेल इंजिनात तो हाउसिंगसकट अख्खा बदलावा लागतो, आणि त्यानुसार खर्चही वाढतो. गाडी वॉरंटीत असेल तर घरी काही खोलू नका. थेट अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जा.

३. भाग घेताना सोबत काय न्यावे

दुकानात केवळ गाडीचे नाव सांगून भाग मागू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेले असते आणि दिसायला सारख्या थर्मोस्टॅटांचे उघडण्याचे तापमान व व्यास वेगळे असतात. सोबत ठेवायच्या गोष्टी या:

• आरसी किंवा तिची प्रत, कारण तिच्यावर चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतो आणि त्यावरूनच अचूक पार्ट क्रमांक निघतो. मोबाइलवरची डिजिलॉकरमधली आरसीही चालते.
• गाडीचे मालक-पुस्तक, कारण कूलंटचा प्रकार, मिश्रणाचे प्रमाण आणि एकूण क्षमता त्यातच दिलेली असते.
• हाउसिंगचे मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो.

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत आणि भाव पाच ठिकाणी विचारता येतो. तरीही थर्मोस्टॅटच्या बाबतीत स्वस्ताच्या मागे न लागता कंपनीचा मूळ भाग किंवा ओळखीच्या उत्पादकाचा भाग पक्क्या बिलासह घ्यावा. त्याच्या कडेवर उघडण्याचे तापमान, बहुधा ८२ किंवा ८८ असे, कोरलेले असते. ते आपल्या इंजिनासाठी दिलेल्या आकड्याशी जुळवून पाहा. गाडी गरम होते म्हणून मुद्दाम कमी तापमानाचा थर्मोस्टॅट बसवण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. झडप लवकर उघडल्याने रेडिएटरची क्षमता वाढत नाही.

थर्मोस्टॅटसोबत नवे गॅस्केट किंवा ओ-रिंग (दुकानात ‘पॅकिंग’ म्हणून मागितले तरी कळते) घ्यायलाच हवी. होज पाइप टोकाला फुगलेला, भेगाळलेला किंवा दाबल्यावर कडक लागत असेल तर तोही याच वेळी बदला, नाहीतर त्यासाठी पुन्हा सगळे कूलंट काढावे लागेल.

४. हत्यारे आणि साहित्य

१० आणि १२ मिलिमीटरच्या गोट्या (सॉकेट), रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन, होजच्या स्प्रिंग क्लिपसाठी चांगली पकड असलेला प्लायर, चपटा स्क्रूड्रायव्हर, रुंद तोंडाचे, सात-आठ लिटर मावेल असे पसरट घमेले, नरसाळे, प्लॅस्टिकची खरवडणी, जुन्या सुती कपड्यांचे तुकडे, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा) मिळाला तर उत्तम. मित्राकडून किंवा ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणा.

कूलंटबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही म्हणून कूलंटची गरज नाही, असे मानून वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी घातले जाते. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या बैठकीवर बसतात, आणि गंजविरोधी घटक नसल्याने ॲल्युमिनियमचे हाउसिंग आतून खाल्ले जाते. थर्मोस्टॅट अकाली अडकण्यामागे पुष्कळदा हेच पाणी असते. कूलंट गंज रोखते, पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि वॉटर पंपाचे सील राखते. मात्र घट्ट कूलंट न मिसळता भरणेही चूक आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा सरस असते. म्हणूनच मिश्रण ठरावीक प्रमाणात करतात. मिसळण्यासाठी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच वापरा. कूलंटचा रंग पाहून प्रकार ठरवू नका. हिरवा, लाल, निळा हे रंग उत्पादक आपापल्या पसंतीने देतात. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळल्यास गाळ धरू शकतो, म्हणून मालक-पुस्तकात सांगितलेलाच प्रकार घ्या.

५. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तपासा

दहा मिनिटांची ही पायरी लोक टाळतात, आणि नवा भाग सदोष निघाला तर सगळे काम पुन्हा करतात. पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही अशा पातेल्यात पाणी घ्या. थर्मोस्टॅटची झडप बोटांनी किंचित उघडून तिच्यात जाड दोऱ्याचे टोक अडकवा आणि त्या दोऱ्याने तो पाण्यात असा लोंबकळत ठेवा की तळाला टेकणार नाही. शेजारी २०० अंशांपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही आणि फुटतो. पाणी हळूहळू तापवा. झडप उघडू लागली की दोऱ्यावरची पकड सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो. त्या क्षणाचे तापमान कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असावे. मग पाणी उकळू द्या आणि झडप सुमारे ८ मिलिमीटर किंवा अधिक उघडते का ते पाहा. पाणी थंड होताना ती पूर्ण मिटली पाहिजे.

उंचीवर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना उकळते, त्यामुळे ८८ अंशांचा थर्मोस्टॅट तिथल्या उकळत्या पाण्यात पूर्ण उघडला नाही तर तो बाद समजू नये.

६. गाडी उभी करणे आणि कूलंट काढणे

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडसर लावा. इंजिन पूर्ण थंड हवे. किमान दोन तास, शक्यतो रात्रभर. गरम इंजिनात कूलंट दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापमानाला द्रव राहते, आणि झाकण उघडून दाब सुटताच ते एका क्षणात उकळून तोंडावर उडते. याने होणारे भाजणे गंभीर असते. या एका बाबतीत घाई कुठल्याही कारणाने करू नका.

बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवा, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो. मग झाकण उघडा. काही गाड्यांत ते रेडिएटरवर असते, काहींत दाबाखाली असलेल्या एक्स्पान्शन टाकीवर. रेडिएटरच्या तळाशी असलेली निचऱ्याची चावी हळूच सैल करून कूलंट घमेल्यात घ्या. ही चावी बहुधा प्लॅस्टिकची आणि जुनी झाल्यावर ठिसूळ असते. ती हलत नसेल तर जोर न लावता खालच्या होजची क्लिप मागे सारून पाइप सोडवा. गाडीखाली जावे लागले तर फक्त जॅकच्या भरवशावर जाऊ नका, स्टँड लावा.

काढलेले कूलंट ताबडतोब झाकणाच्या कॅनमध्ये भरून नाव लिहून ठेवा. त्यातले इथिलीन ग्लायकॉल गोड चवीचे आणि विषारी असते. सांडलेले थारोळे चाटून कुत्री-मांजरे मरतात आणि लहान मुलांनाही तो धोका असतो. सांडलेली जागा भरपूर पाण्याने धुवा. साठवलेले कूलंट गटारात, झाडांच्या बुंध्याशी किंवा मोकळ्या जागेत ओतू नका. जुने ऑइल व कूलंट गोळा करणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे द्या.

७. हाउसिंग उघडणे

होज पाइप वर्षानुवर्षे चिकटलेला असतो. क्लिप मागे सारा, पाइप आधी हाताने गोल पिळून सोडवा आणि मगच ओढा. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटल्यास प्लॅस्टिकचे तोंड मोडते. हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून पुठ्ठ्यावर हाउसिंगचे चित्र काढून त्यात बोल्ट त्यांच्या त्यांच्या जागी खोचून ठेवा. बोल्ट अडत असेल तर गंज सोडवणारे द्रव मारून अर्धा तास थांबा आणि थोडा घट्ट, थोडा सैल असे करत सोडवा. ॲल्युमिनियममध्ये तुटलेला बोल्ट काढणे हे थर्मोस्टॅट बदलण्याहून कितीतरी मोठे काम आहे.

झाकण उचलल्यावर जुना थर्मोस्टॅट बाहेर काढण्यापूर्वी त्याचा फोटो घ्या. स्प्रिंग कोणत्या बाजूला आहे आणि कडेची छोटी पिन कुठे आहे, हे त्यात स्पष्ट दिसू द्या.

८. सफाई आणि नवा थर्मोस्टॅट बसवणे

दोन्ही पृष्ठभागांवरचे जुने गॅस्केट आणि क्षार प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि त्यातून पुढे गळती होते. खरवडलेला चुरा इंजिनात पडू नये म्हणून तोंडात कापड खोचून ठेवा आणि ते काढायला विसरू नका. हाउसिंगची कड खड्डे पडून खाल्लेली असेल किंवा प्लॅस्टिकला केसासारखी भेग असेल तर हाउसिंग बदला.

नवा थर्मोस्टॅट बसवताना स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला राहिली पाहिजे. उलटा बसवला तर डबीला इंजिनाची उष्णता नीट लागत नाही आणि गाडी पहिल्याच फेरीत गरम होते. कडेची छोटी हलती पिन शक्य तितकी सर्वांत वर ठेवा, कारण अडकलेली हवा त्याच छिद्रातून निसटते. काही गाड्यांत त्यासाठी खूणही दिलेली असते. रबरी ओ-रिंग असेल तर तिला सिलिकॉन लावू नका. कागदी गॅस्केटलाही गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तरच लावा, कारण जादा सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकते.

बोल्ट सगळे हाताने बसवून मग आळीपाळीने आवळा. १० मिलिमीटरच्या पान्याने फिरणाऱ्या ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरेसे असते. त्याहून जास्त आवळल्यास आटे जातात किंवा हाउसिंग वाकून उलट गळू लागते.

९. कूलंट भरणे आणि हवा काढणे

इथे वेळ द्या. आत राहिलेली हवा दोन प्रकारे फसवते. मेणाच्या डबीभोवती कूलंटऐवजी हवा असेल तर तिला खरे तापमान कळत नाही आणि नवाकोरा थर्मोस्टॅटही उघडत नाही. सेन्सरभोवती हवा असेल तर काटा चुकीचे दाखवतो. ‘थर्मोस्टॅट बदलूनही गाडी गरम होते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

आधी प्रमाणाचा विचार करा. रेडिएटर रिकामा झाला तरी इंजिनाच्या आत बरेच द्रव उरते. तुम्ही साध्या पाण्याने धुऊन काढले असेल तर आत पाणीच उरले आहे, आणि त्यावर तयार मिश्रण भरल्यास एकूण कूलंट पातळ होते. अशा वेळी एकूण क्षमतेनुसार लागणारे घट्ट कूलंट आधी भरा आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने पूर्ण करा. उदाहरणार्थ, क्षमता ४ लिटर आणि प्रमाण निम्मे-निम्मे असेल तर आधी २ लिटर घट्ट कूलंट.

बॅटरी जोडा. पुढची चाके किंचित चढावर येतील अशी गाडी ठेवता आली तर रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच होते आणि हवेला वर यायला सोपे जाते. हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा. हाउसिंगवर किंवा पाइपावर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग कूलंट येऊ लागले की बंद करा. नरसाळ्याने सावकाश भरा, मधूनमधून वरचा जाड पाइप हाताने दाबत राहा. प्रत्येक दाबासरशी बुडबुडे वर येतील आणि पातळी उतरेल.

रेडिएटरवर झाकण असलेल्या गाडीत झाकण उघडे ठेवून एसी बंद करून इंजिन सुरू करा आणि त्याला सावकाश तापू द्या. तोंडावर वाकू नका, बाजूला उभे राहा. काही वेळाने पातळी अचानक उतरेल आणि थर्मोस्टॅटच्या बाजूचा पाइप गरम होईल. झडप उघडल्याची ती खूण आहे. कूलंट वाढवा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा, आणि कूलंट तोंडातून उसळू लागले तर घाबरून झाकण दाबू नका. इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावा, राखीव टाकी दोन खुणांच्या मध्ये भरा आणि पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. हीटरमधून चांगली गरम हवा येत असेल तर आतला फेरा पूर्ण झाला आहे. दाबाच्या एक्स्पान्शन टाकीच्या गाड्यांत पद्धत कंपनीगणिक वेगळी असते. त्यांच्या पुस्तिकेतलीच पद्धत पाळा.

झाकणाचे रबर कडक झाले असेल तर तेही बदला. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. नवे झाकण त्याच आकड्याचे घ्या. दाब टिकला नाही तर उत्कलनबिंदू उतरतो आणि बाकी सगळे ठीक असूनही घाटात कूलंट उकळते.

१०. चाचणी आणि पुढचे काही दिवस

पहिली फेरी घराजवळच, पाच-सात किलोमीटरची ठेवा. स्कॅनर असेल तर तापमान नव्वदच्या आसपास स्थिर राहते का ते पाहा. नसेल तर काट्यावर आणि दिव्यावर नजर ठेवा. परत आल्यावर हाउसिंगभोवती कोरडा पांढरा कागद फिरवा, बारीक गळती त्यावर लगेच दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पातळी पाहा. ती थोडी उतरलेली असणे स्वाभाविक आहे, कारण उरलीसुरली हवा रात्रीतून बाहेर पडते, भरून घ्या. आठवडाभर रोज पाहा. दोन-तीन दिवसांनंतरही पातळी उतरतच राहिली तर गळती शोधा, आणि ती कुठेच सापडली नाही तर हेड गॅस्केटची तपासणी करून घ्या. हवा नीट काढूनही इंजिन गरम होत असेल तर पुढचा संशय वॉटर पंप आणि रेडिएटर यांच्यावर घ्यावा; तोपर्यंत घाटाचा किंवा लांबचा प्रवास टाळा.

नव्या थर्मोस्टॅटचा पार्ट क्रमांक, कूलंटचा प्रकार व प्रमाण, तारीख आणि किलोमीटर हे सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवा, आणि बॉनेटच्या आत कूलंटच्या नावाची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे पुढे सर्व्हिसिंगला गाडी दिल्यावर त्यात कोणी दुसऱ्या प्रकारचे कूलंट किंवा नळाचे पाणी ओतणार नाही.